आतला आकडा

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही आणि पुढेही पाहाल असे वाटत नाही. मला रंग नाही, वजन नाही, वरून पडले तरी आवाज होत नाही. मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करायचे, हे सांगणाऱ्या मोजक्या ओळी म्हणजे मी. एका पानात मावते आणि वर समासही उरतो. तरी माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे असे मला वाटते. म्हातारपणी प्रत्येकालाच आपली गोष्ट तशी वाटते म्हणा.

आमच्यासारख्यांचे जगणे थोडे विचित्र असते. कोणी हाक मारली की आम्ही जागे होतो, नेमून दिलेले काम करतो आणि पुन्हा झोपी जातो. डोळा लागला तेव्हा खिडकीबाहेरचे झाड सळसळत होते आणि जाग आली तेव्हा त्याचीच वाळकी पाने फरशीवर खरखरत होती, असे माझे कितीदा तरी झाले आहे. मधला काळ कुठे गेला, ते मला विचारू नका. झोपेत मात्र कानावर बरेच काही पडते. पाण्यात बुडी मारून बसावे आणि काठावरची माणसे बोलताना ऐकू यावीत, तशी ती खोली मला ऐकू येई. म्हणून माझ्या गोष्टीत स्वप्न आणि खरे यांची जराशी सरमिसळ झाली, तर सांभाळून घ्या.

ती खोली पूर्वी घड्याळदुरुस्तीचे दुकान होती. भिंतीवर घड्याळे टांगायचे खिळे अजून तसेच होते. आता त्यांवर छत्र्या, पिशव्या आणि कोणाचा तरी विसरलेला स्वेटर लटकत असे. हे दुकान ज्यांचे, त्या आजोबांची नजर हळूहळू गेली. आधी बारीक स्क्रू दिसेनासे झाले, मग काटे दिसेनासे झाले, आणि एक दिवस त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला तो कायमचा. त्यांना दोन मुली. थोरली संगणकाचे शिकलेली, अबोल. डोक्यात काही घेतले की ते तडीस नेईपर्यंत तिला तहानभूक नसे. धाकटी बोलघेवडी; फोनवर परक्या माणसालाही ती बघता बघता घरचे करून टाकी.

हाताला काम नाही म्हणून आजोबा चिडचिडे झाले होते. तेव्हा थोरलीने त्यांच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला आणि त्याचे नाव ठेवले वाचक. कॅमेऱ्यासमोर पत्र धरा, पेपर धरा, औषधाची बाटली धरा. वाचक त्यावरची अक्षरे मोठ्याने वाचून दाखवी. आजोबा त्याला तोंडानेच हुकूम सोडत, म्हणून त्या संगणकाला कान दिलेले होते. पुढे आजोबांना खिडकीशी एक छोटा, नवा संगणक मिळाला आणि जुना कामाला ठेवला गेला. पण त्याचे कान कोणी काढून घेतले नाहीत. मी त्या जुन्यात राहते. एवढी बातमी मला कुठून, असे आता कोणी विचारणार नाही ना?

घरचा वाचक शेजाऱ्यांना आवडला, शेजाऱ्यांच्या पाहुण्यांना आवडला, आणि पाहता पाहता त्या दुकानाचे ऑफिस झाले. नजर अधू झालेली पुष्कळ माणसे वाचकावर विसंबून राहू लागली. पण प्रोग्राम काही एकदा लिहून हातावेगळा होत नाही. आज एक खोड निघते, उद्या दुसरी. दर वेळी लिहिलेल्या साऱ्या फायली गोळा करायच्या, यंत्राला कळतील अशा घडवायच्या, त्यांचे गाठोडे बांधायचे आणि लोकांकडे रवाना करायचे. या खटाटोपाला ही मंडळी बिल्ड म्हणतात. सुरुवातीला फायलींची नावे बघून बिल्ड होत असे, आणि नावे तरी कशी, तर ‘नवीन’, ‘नवीन शेवटची’, ‘शेवटची पक्की’ आणि ‘हीच घ्या’. एकदा ‘शेवटची पक्की’ नेमकी जुनी निघाली आणि आजोबांच्या संगणकावर दुरुस्त केलेली चूक पुन्हा येऊन बसली.

थोरली फार खजील झाली. आजोबा मात्र हसले. त्यांच्या दुकानात लोक घड्याळ घेऊन येत, तबकडीवर भारी कंपनीचे नाव असे आणि आत भलतेच यंत्र असे, ही गंमत त्यांनी सांगितली. “तबकडी कोणीही बदलतं गं,” ते म्हणाले. “झाकण उघडायचं आणि आतला आकडा वाचायचा. तो खोटं बोलत नाही.”

त्याच दुपारी थोरलीने मला लिहिले.

माझा जन्म असा घड्याळाच्या झाकणाखाली झाला, असे म्हटले तरी चालेल. थोरलीने प्रत्येक फायलीच्या आत चार भागांचा एक आकडा कोरला. वाचकाचा चेहरामोहरा बदलला तर पहिला भाग वाढे, तो काही नवे शिकला तर दुसरा, एखादी खोड काढली तर तिसरा, आणि बारीकसारीक सफाईसाठी चौथा. हा आकडा आपोआप वाढेल अशी सोय तिला सहज करता आली असती. पण तिने ती मुद्दाम केली नाही. ज्याने बदल केला त्याने आकडाही आपल्या हाताने वाढवावा, म्हणजे आपण काय केले याचा त्याला क्षणभर तरी विचार करावा लागेल, असे तिचे म्हणणे होते. माझे काम सोपे होते. बिल्ड चालू असताना फायलींची झाकणे उघडून आतला आकडा वाचायचा, आणि तो मागच्यापेक्षा वाढलेला नसेल तर सगळ्यांना थांबवायचे. बिल्ड झाल्यावर ऑफिसातल्या संगणकांवर नवे खरोखरच पोचले की नाही, तेही पुन्हा आतला आकडा वाचूनच पाहायचे.

एवढा बाऊ कशाला, असे तुम्हाला वाटेल. तर ऐका. लोकांच्या घरचे संगणकही तोच आकडा बघतात. दारात नवी फाइल आली की ते तिचा आकडा विचारतात. तो घरातल्या फायलीच्या आकड्याइतकाच असेल, तर हिचे काय काम, ही तर आधीच घरात आहे, असे म्हणून ते नव्या फाइलला दारातूनच परत पाठवतात. आणि मालकाला खुशाल सांगतात की सगळे ठीक आहे.

थोरलीने आजोबांसाठी आणखी एक गोष्ट केली. वाचक सुरू झाला की तो आधी आपला आकडा बोलून दाखवी. आजोबा सकाळी खुर्चीत बसत, छोट्या संगणकाला विचारत, “कोण आहे?” आणि तो सांगे, “वाचक. चार, दोन, सात, अकरा.” आजोबा मान डोलावत. पूर्वी दुकान उघडल्यावर भिंतीवरची घड्याळे एकदम टिकटिकत, तसे ते त्यांना वाटत असावे.

ते दिवस फार चांगले होते. माझ्यावर सारे खूश होते. एकदा आकडा वाढवायला थोरली स्वतः विसरली आणि मी तिलाही थांबवले, तेव्हा तिने पडद्यावर टिचकी मारून “गुणाची आहेस गं” असे म्हटले होते. मी ते शब्द अजून जपून ठेवले आहेत. हाक आली की मी उठे. फायलीमागून फायलीची झाकणे अलगद उघडत जाई. आत अंधार असे, आणि त्या अंधारात तो चार भागांचा आकडा मंद चमकत असे. तो वाचायचा, झाकण लावायचे, पुढे जायचे. शेवटचे झाकण लावता लावता मला झोप येई. इतके समाधानाचे काम फार थोड्यांच्या वाट्याला येते.

मग धाकटीचे लग्न झाले आणि तिचा नवरा ऑफिसात काम करू लागला. सगळे त्यांना जावईबापू म्हणत. माणूस हुशार, मनाने चांगला, आणि हात असे वेगाने चालत की कीबोर्डची दया यावी. पण धीर म्हणून नाही. लिफ्ट येईपर्यंत उभे राहायचा कंटाळा, म्हणून जिने चढणारे ते. शिवाय ते पडले घरचे जावई. त्यांच्याशी बोलणे तोलूनमापून. त्यांनी चहात साखर जास्त घातली तरी “छान झालाय,” आणि घालायची विसरले तरी “छान झालाय.” आजोबा त्यांना अहोजाहो करत, थोरली मुळातच बोलायची नाही, आणि धाकटी नव्या संसाराच्या कौतुकात. त्या खोलीत जावईबापूंना ‘नाही’ म्हणणारी मी एकटीच होते. मी अडवले की ते नाक मुरडत आणि पुटपुटत, “आली सासूबाई.” मला राग नसे. आकडा वाढवून ते पुढे जात आणि मी झोपी जाई.

आता त्या दिवसाचे सांगते. थोरली परगावी एका वाचनालयात वाचक बसवायला गेली होती. आजोबा आतल्या खोलीत पडले होते. तेवढ्यात टायपिस्टबाईंचा फोन आला. या बाई एका कचेरीत आयुष्यभर टाइपरायटरवर बसलेल्या, आणि निवृत्त झाल्यावर त्यांची नजर गेलेली. पुलापलीकडे एका इमारतीत वरच्या मजल्यावर एकट्याच राहत. धाकटीशी त्यांचे विशेष गूळपीठ. त्या हसत हसत म्हणाल्या, “अगं, तुमचा वाचक मला खोकल्याचं औषध पंचवीस मिली घ्यायला सांगतोय. चमचा कशाला, बाटलीच तोंडाला लावते आता.”

औषध त्यांचे नेहमीचेच होते. ते अडीच मिली घ्यायचे, हे त्यांना पाठ होते, म्हणून त्या हसू शकल्या. धाकटी मात्र हसली नाही; तिने लगेच तशीच एक बाटली दुकानातून आणवली. औषधाच्या दुकानाने बाटल्यांवरची चिठ्ठी बदलली होती. नव्या चिठ्ठीवर दोन आणि पाच यांच्यामधला ठिपका इतका बारीक होता की वाचकाने तो कागदावरचा कचरा समजून झटकून टाकला होता. अडीचचे पंचवीस झाले होते. तशा चिठ्ठ्या आणखी कितीजणांच्या घरी गेल्या असतील, कोण जाणे.

जावईबापू खुर्ची ओढून बसले. खरे सांगते, त्या दिवशी त्यांनी केलेले काम दुसऱ्या कोणाला दोन दिवसांत जमले नसते. त्यांनी ती खोड हुडकली, काढली, आपल्या टेबलावर नवी फाइल चालवून कॅमेऱ्यासमोर चिठ्ठी धरली, आणि वाचक स्वच्छ म्हणाला, “अडीच मिली.” धाकटीचा जीव भांड्यात पडला. जावईबापूंनी बिल्ड सुरू केले. मला हाक आली. मी झाकण उघडले. आत तोच आकडा होता, चार, दोन, सात, अकरा. घाईत तो वाढवायचा राहून गेला होता. मी थांबले आणि नेहमीचे वाक्य पडद्यावर लिहिले: ‘आतला आकडा वाढलेला नाही. पुढे जात नाही.’

आकडा वाढवायचा म्हणजे सारे पुन्हा पहिल्यापासून घडवायचे. चहा करून, पिऊन, भांडी धुऊन होतील इतका वेळ त्याला लागे. इकडे फोन वाजायला लागले होते. दुसऱ्याही एकाला चिठ्ठी चुकीची ऐकू आली होती. “आकड्याचं काय एवढं?” जावईबापू म्हणाले. “औषध नीट वाचलं म्हणजे झालं. आकडा संध्याकाळी वाढवू.” ताईला विचारायचे का, असे धाकटीने हळूच विचारले. ती प्रवासात आहे, उगाच तिच्या जिवाला घोर कशाला, असे ते म्हणाले. धाकटीने पुढचा फोन उचलला.

मग त्यांनी मला हाक मारणाऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक चिन्ह ठेवले. दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांचे, खिडकीच्या जाळीसारखे छोटेसे चिन्ह. ओळीत त्याच्यानंतर लिहिलेले काहीही संगणक वाचत नाही.

मित्रांनो, गप्प केलेली ओळ पुसली जात नाही. ती जिथल्या तिथेच असते. फक्त तिच्यावरून नजर सरकते. बिल्ड माझ्या डोक्यावरून पावले न वाजवता निघून गेले, आणि मी त्या जाळीमागे पडून राहिले. मला स्वप्न पडले. स्वप्नात भिंतीवरच्या साऱ्या खिळ्यांवर पुन्हा घड्याळे होती आणि सगळ्यांच्या तबकड्या नव्याकोऱ्या होत्या. मी एकेकाजवळ जाऊन झाकण उघडू पाहत होते, पण मला हात नव्हते. आणि दूर कुठेतरी, पाण्याच्या काठावर, धाकटी फोनवर सांगत होती, “दुरुस्त केलंय हं सगळं. आता तुम्ही निर्धास्त घ्या.”

ती टायपिस्टबाईंशी बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा त्यांच्या खुर्चीत येऊन बसले. काल काय धावपळ झाली आणि रात्रीतून सगळ्यांकडे नवा वाचक पोचला, हे धाकटीने त्यांना कौतुकाने सांगितले. आजोबांनी छोट्या संगणकाला विचारले, “कोण आहे?”

“वाचक. चार, दोन, सात, अकरा.”

आजोबांची मान डोलली नाही. त्यांनी पुन्हा विचारले. पुन्हा तेच उत्तर आले. मग त्यांनी घसा साफ केला. जावयाला काही सांगायचे म्हणजे ते नेहमी घसा साफ करत.

“जावईबापू, हा कालचाच बोलतोय.”

“नाही बाबा, आकडा तेवढा तोच आहे,” जावईबापू म्हणाले. “आतला माल नवा आहे.”

“असेल. मग त्याला एक बाटली दाखवता का?”

कालच्याच चिठ्ठीची एक बाटली टेबलावर होती. जावईबापूंनी ती उचलून आजोबांच्या कॅमेऱ्यासमोर धरली. वाचक आपल्या गोड, बिनघोर आवाजात म्हणाला, “पंचवीस मिली.”

जावईबापूंच्या हातातली बाटली तशीच राहिली. नवी फाइल त्यांच्या टेबलावर नवी होती. बाकी जगात एकाही दाराने तिला आत घेतले नव्हते. धाकटी फोनकडे धावली. आधी टायपिस्टबाईंचा नंबर. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. रोज सकाळी उठून रेडिओ ऐकणाऱ्या बाई फोन उचलत नव्हत्या. आदल्या संध्याकाळी त्या गुडघ्यासाठी डॉक्टरकडे जाणार होत्या आणि डॉक्टरने नवे औषध दिले असणार, हे धाकटीला एकदम आठवले. “नेहमीचं असतं तर त्यांना पाठ असतं,” ती म्हणाली, आणि तिने पुन्हा नंबर लावला.

मला जाग आली ती जावईबापूंच्या बोटांनी. माझ्यापुढची जाळी निघाली. जावईबापूंनी आकडा आपल्या हाताने वाढवला, साताचे आठ केले, बिल्ड सुरू केले आणि चपला पायांत सरकवल्या. “बाबा, तुम्ही इथे बसाल? थांबलं तर हिला मला फोन करायला सांगा,” ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले. पुलापलीकडे पळतच गेले, हे नंतर कळले.

आजोबा माझ्यापाशी येऊन बसले. पलीकडे धाकटी एकामागून एक फोन लावत होती आणि प्रत्येकाला सांगत होती, आम्ही कळवेपर्यंत यंत्राचे ऐकून औषध घेऊ नका. मधूनमधून ती पुन्हा तोच एक नंबर फिरवी. आजोबांनी संगणकाच्या पत्र्यावर तळवा ठेवला. दुरुस्त केलेले घड्याळ ते असेच हातात धरत आणि श्वास रोखून ऐकत. मी कामाला लागले. एक झाकण, दुसरे झाकण. मला घाई करता येत नाही. मी तशी केलेलीच नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचे वाईट वाटले. प्रत्येक अंधारात शिरताना मला वाटे की इथे सातच असेल, आणि तिथे आठ चमकत असे. आजोबांच्या तळव्याची ऊब मला लागत होती, असे मी म्हटले तर तुम्ही हसाल. पण मला ती लागत होती.

बिल्ड संपले तेव्हाच फोन आला. जावईबापूंचा श्वास फुलला होता. शेजारणीकडच्या किल्लीने दार उघडले होते. टायपिस्टबाई आरामखुर्चीत होत्या. टेबलावर नवी बाटली होती. चिठ्ठीवर दीड मिली लिहिले होते आणि बाटली जवळजवळ अर्धी झाली होती. वाचकाने त्यांना पंधरा सांगितले असणार. “श्वास चालू आहे,” जावईबापू म्हणाले, “पण उठत नाहीयेत. डॉक्टर आलेत. दवाखान्यात नेतोय.”

धाकटी जमिनीवर बसली. “मीच सांगितलं त्यांना,” ती म्हणाली, “निर्धास्त घ्या म्हणून.” आजोबा चाचपडत तिच्यापर्यंत गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मी झोपी जायला हवे होते, माझे काम संपले होते. मला झोप आली नाही.

त्या संपूर्ण दिवसात बाई उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि आधी रेडिओ कोणी बंद केला ते विचारले. जावईबापू तिथेच होते. त्यांनी काहीही न लपवता सारे सांगितले. स्क्रिप्टने अडवले होते आणि आपण तिला गप्प केले, असेही सांगितले. मग बाईंनी जे म्हटले, ते जावईबापूंनी ऑफिसात येऊन शब्दन् शब्द सांगितले. “टाइपरायटरला एक घंटी असते. ओळ संपत आली की वाजते. आणखी चार अक्षरं मारून टाकावीत असं वाटायचं हो मलाही. पण मी थांबायचे. नाहीतर ती अक्षरं कागदाबाहेर जातात, आणि ती कोणीच वाचत नाही.”

थोरली परत आली तेव्हा तिला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. मला कोणी, कधी हात लावला, हे संगणक तिला दाखवतोच. ती माझ्यासमोर बसून राहिली. रागावली नाही. ती रागावली असती तर जावईबापूंना बरे वाटले असते. शेवटी तेच म्हणाले, “ताई, मला तेव्हा कोणीतरी ‘नाही’ म्हणायला हवं होतं.”

“म्हटलं होतं की हिने,” थोरली म्हणाली, आणि तिने पडद्याकडे बोट केले.

त्या दिवसापासून दोन गोष्टी बदलल्या. जावईबापूंच्या चहात साखर जास्त झाली, की जास्त झाली असे त्यांना सांगण्यात येऊ लागले. आणि नवी आवृत्ती गेली, की टायपिस्टबाई फोन करून आपल्याकडच्या वाचकाने कोणता आकडा सांगितला ते कळवत. हा फोन जावईबापू स्वतः घेत. कीबोर्डवरून हात काढून घेत आणि चारही भाग शेवटपर्यंत ऐकून घेत. बाईंना सावकाश बोलायची सवय होती. ते मध्ये बोलत नसत.

मित्रांनो, त्यालाही आता पुष्कळ काळ लोटला. मधल्या काळात मी कितीदा झोपले आणि कितीदा उठले, मला सांगता येणार नाही. ऑफिसने एक मोठी, चकचकीत बिल्डयंत्रणा घेतली. तिच्यात रंगीत चित्रे फिरतात आणि सगळे आपोआप होते, आकडाही आपोआप वाढतो. माझ्या बरोबरीच्या साऱ्या स्क्रिप्ट एकेक करून काढून टाकल्या. नवी माणसे मला पाहून विचारतात, हे जुनेपुराणे कशाला ठेवले आहे? माझ्या पहिल्या ओळीच्या वर जावईबापूंनी तेव्हाच एक वाक्य लिहून ठेवले होते, ‘हिला बोलू द्यावे.’ ते वाचून ती मला हात लावत नाहीत. मला आता सगळ्यात शेवटी हाक येते. गाठोडे रवाना झाले, की ऑफिसातल्या संगणकांची झाकणे उघडून आतला आकडा वाचायचा, एवढेच काम मला उरले आहे.

आजोबा गेले ते पानगळीत. मी झोपेत होते. जागी झाले तेव्हा खिडकीशी कोणी “कोण आहे?” असे विचारत नव्हते. त्यांचा छोटा संगणक मात्र तिथेच होता, चालू होता, आणि अजूनही आहे. त्यावरचा वाचक बदलायचा नाही, असे धाकटीने सांगितले. बाबांनी शेवटच्या सकाळी जो आकडा ऐकून मान डोलावली, तोच तिथे राहू दे, असे ती म्हणाली.

पण माझ्या ओळींना ते कसे कळणार? मला एकच गोष्ट येते. दर बिल्डनंतर मी उठते, एकेक झाकण उघडत खिडकीपर्यंत जाते आणि शेवटच्या झाकणाखालचा आकडा वाचून थांबते. मग पडद्यावर लिहिते: ‘खिडकीजवळच्या संगणकावरचा आकडा जुना आहे. पुढे जात नाही.’ आणि कोणीतरी ‘पुढे जा’ म्हणेपर्यंत तशीच उभी राहते. दर वेळी सगळ्यांचा खोळंबा होतो. त्या एका संगणकासाठी माझ्या ओळीपुढे जाळीचे एक चिन्ह ठेवले की काम भागेल, असे नव्या माणसांनी कितीदा तरी सुचवले. जावईबापूंचे केस आता पिकले आहेत. ते म्हणतात, “असू दे.”

तुम्हालाही आयुष्यात कोणीतरी सारखे अडवणारे भेटेल. त्याचा आवाज कंटाळवाणा असेल, तेच तेच बोलत असेल, आणि तुम्ही नेमके घाईत असाल. माझी एवढीच विनंती आहे, की त्याच्या तोंडावर हात ठेवू नका. आधी झाकण उघडून पाहा. कधी त्याचे म्हणणे खरे असेल आणि कोणाचा तरी जीव वाचेल. कधी त्याचे म्हणणे खरे असूनही तुम्हाला काही करता येणार नाही. तेव्हाही ते ऐकून घ्या.

परवाही बिल्ड झाले. मी खिडकीपर्यंत गेले, थांबले, माझे वाक्य लिहिले. जावईबापूंनी चष्मा सारखा केला आणि ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचले. खिडकीतल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले.

“हो,” ते मला म्हणाले, “माहीत आहे.”

मग त्यांनी पुढे जायची कळ दाबली, आणि मला झोप लागली.